मिस्त्री बाहेर गेलेत

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या बसथांब्यामागं 'अमृत मोटार वाइंडिंग' नावाचं दुकान होतं, आणि त्या दुकानाचा फोन नंबर अकराशे विहिरींच्या तळाशी होता. यात अतिशयोक्ती नाही. जळालेली मोटार नव्यानं बांधून झाली की अमृतराव मिस्त्री तिच्या बिडाच्या अंगावर लोखंडी पंच आणि हातोडीनं दोन गोष्टी ठोकत: दुकानाचा नंबर आणि साल. रंगानं लिहिलेलं पाण्यात निघून जातं. ठोकलेलं राहतं. शेतकरी मोटार विहिरीत सोडायचा आणि मिस्त्रीला विसरून जायचा. तीन-चार वर्षांनी व्होल्टेज पडलं, मोटार जळाली, की चार माणसं लावून ती वर काढायची, चिखल पुसायचा आणि आकडे वाचून फोन करायचा. सेनगाव, औंढा, हिंगोली, तिन्ही तालुक्यांत हीच रीत होती. डायरी हरवते, भिंतीवर लिहिलेला नंबर दिवाळीच्या चुन्यात जातो, पण मोटार आपल्या जागेवर असते.

नंबरचे शेवटचे तीन आकडे ४१७. शहाण्णव साली फोन आला तेव्हा सगळा नंबर एवढाच होता. पुढं एक्स्चेंज बदललं, आकडे सहा झाले, तरी लोक 'चारशे सतरा'च म्हणत. गावात कोणी "चारशे सतराला चाललो" म्हणालं, की ऐकणारा आधी हळहळायचा आणि मग किती हॉर्सपॉवरची मोटार ते विचारायचा.

अमृतराव २००३ च्या फेब्रुवारीत वारले. दुकान मात्र चालू राहिलं. मोटारी येत होत्या, बांधून जात होत्या, त्यांच्यावर नंबर आणि साल ठोकलं जात होतं. हे सगळं त्यांची बायको कमलबाई करत होती. आणि तिच्या समजुतीप्रमाणं ही गोष्ट गोरेगावच्या शिवेबाहेर कोणालाही ठाऊक नव्हती.

तिनं काही कटकारस्थान केलं नव्हतं. जे झालं ते जिभेच्या सवयीनं झालं. अमृतरावांचा हात सोन्याचा, याबद्दल तिन्ही तालुक्यांत दुमत नव्हतं. पण जीपच्या टपावर मोटार टाकताना शेतकरी सोबत एक चिठ्ठी द्यायचा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक क्वार्टर. आपली मोटार मिस्त्रीनं आधी हातात घ्यावी म्हणून. सगळेच देत असल्यामुळं कोणाचीच आधी व्हायची नाही, पण जो देणार नाही त्याची मागं पडेल अशी भीती असायची, म्हणून सगळे देत राहायचे. अमृतरावांनी आयुष्यात कोणाला नाही म्हटलं नाही, बाटलीला तर नाहीच. दुपारपर्यंत ते आतल्या खोलीत पोत्यांवर आडवे झालेले असायचे. फोन वाजायचा. कमलबाई उचलायची.

"मिस्त्री हायत का?"

"बाहेर गेलेत. मोटार पाठवा, परवा तयार मिळंल."

मग ती पदर खोचून स्वतः तारेचे वेढे घालायला बसायची. सुरुवातीला अमृतराव तिला फक्त वेढे मोजायला सांगत. पुढं त्यांना दुपारनंतर दिसेना, म्हणून तार तिच्या हातात आली. पुढं त्यांचे हात थरथरायला लागले, म्हणून वार्निशही तिच्याकडं आलं. शेवटची दोन वर्षं मिस्त्री फक्त नंबर ठोकायचे. तेवढं मात्र ते अखेरपर्यंत कोणाला करू देत नसत.

ते गेल्यावर पाचव्या दिवशी सिद्धेश्वरहून फोन आला. "मिस्त्री हायत का?" कमलबाईच्या तोंडातून सवयीनं निघून गेलं, "बाहेर गेलेत. मोटार पाठवा." फोन ठेवल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं, आणि ती त्या स्टुलावर बसून पोटभर रडली. दुसऱ्या दिवशी मोटार आली. आलेली मोटार परत कशी पाठवायची? तिनं बांधली. पंच हातात घेऊन नंबर ठोकला आणि पुढं ०३ ठोकलं. पुढच्या फोनवर खरं सांगू, असं तिनं ठरवलं. मग त्याच्या पुढच्या. चार वर्षांत तिला योग्य तो फोन सापडला नाही.

आणि सांगून काय झालं असतं? तिचं गणित सरळ होतं. नंबर अमृतरावांचा, भरवसा अमृतरावांचा. बाईनं बांधलेली मोटार साठ फूट खोल कोण सोडणार? घरात दोन लेकरं शिकत होती, थोरली ऐश्वर्या दहावीला होती. मिस्त्री बाहेर गेलेले होते तोवर दोन्ही लेकरांच्या पुस्तकांची सोय होती.

एकाच माणसाला विश्वासात घेणं भाग होतं. भीमसिंग. गोरेगाव ते सेनगाव ते हिंगोली जीप तोच चालवायचा आणि मोटारी त्याच्याच टपावरून येत-जात. तिनं पहिल्याच आठवड्यात त्याला दुकानात बोलावून बजावलं.

"भीमसिंगभाऊ, ह्यांचं रस्त्यात कोणाला बोलायचं न्हाई. शपथ हाय."

"न्हाई बोलत, वैनी."

त्याच आठवड्यापासून बाटल्या यायच्या बंद झाल्या. चिठ्ठ्या बराबर येत: "रामराम मिस्त्री" नाहीतर "जयभीम मिस्त्री, मोटार आवाज करून राहिली." पण बाटली नाही. त्याऐवजी तुरीच्या शेंगा, वांगी, पायलीभर ज्वारी, सिद्धेश्वर धरणाकडच्या चिठ्ठ्यांसोबत वाळवलेले मासे, आणि जूनमध्ये एकदा चक्क बारा वह्या. शेंगा-वांग्यांचा कमलबाईनं फार विचार केला नाही, सुगीत लोक देतातच. वह्यांना कोणती सुगी असते हा प्रश्न तिला पडला होता, पण तिनं तो पुढं नेला नाही. बाटल्यांचा विचार मात्र तिनं नीट केला. मिस्त्री गेले हे लोकांना माहीत नाही. मग लोक बाटली का बंद करतील? करणार नाहीत. म्हणजे पाठवतात. पण दुकानात पोचत नाही. म्हणजे रस्त्यात जाते. रस्त्यात कोण आहे? भीमसिंग.

या हिशेबात कुठंही खोट नव्हती. बाटली घरात येत नाही याचं तिला मनातून बरंच वाटत होतं. पण चोरी ती चोरी. महिन्यातून एकदा तरी ती मोटार उतरवून घेताना त्याला ऐकवायची, "भाऊ, काय प्यायचं ते प्या, पण गाडी जपून चालवा. माणसं असतात गाडीत."

"मी घेत न्हाई, वैनी," भीमसिंग पहिल्यांदा म्हणाला होता.

"आमचे बी असंच म्हणायचे."

त्यानंतर तो फक्त "व्हय वैनी" म्हणायचा. यावरून तर कमलबाईची खात्रीच पटली.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना २००७ च्या जानेवारीत रस्ता रुंद करायला आलेल्या ठेकेदाराच्या मशीननं फोनची केबल उपटून काढली. गोरेगावची निम्मी लाइन मुकी झाली. नेमके गहू-हरभऱ्याच्या पाण्याचे दिवस. एरवी या दिवसांत फोन दिवसातून आठ-दहा वेळा वाजायचा आणि दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. आता कमलबाई रिसीव्हर उचलून कानाला लावायची. आत काही नसायचं. दोन आठवडे गेले, तिसरा लागला. जवळच्या गावांतले लोक मोटारी घेऊन यायचे, पण लांबचे नंबर फिरवून फिरवून थकले आणि सेनगावला प्रभूच्या दुकानात गेले. प्रभूनं वाइंडिंग तीन वर्षांपूर्वी सुरू केलं होतं. त्याच्या मोटारी आवाज करत, पण त्याचा फोन लागत असे.

लाइनमननं येऊन खड्डा पाहिला. "केबल वरून येईल तवा जोडू," म्हणाला. जाता जाता त्यानं आणखी एक बातमी दिली, "त्या प्रभूनं आपल्या ऑफिसला अर्ज टाकून ठेवलाय बरं का. चारशे सतरा कधी सुटला, तर मला द्या म्हणून."

कमलबाईचं जेवणावरचं मन उडालं. प्रभूला हे दुकान मिळालं नाही, अमृतरावांचा हात मिळाला नाही, तर आता तो नंबरच मागत होता. आणि नंबर मिळाला की झालं. अकराशे विहिरींतल्या अकराशे मोटारी, एकेक वर येईल तशी, प्रभूचं नाव सांगणार होत्या. प्रभूनं फक्त फोन उचलायचा. "मिस्त्री हायत का?" "हायत." खोटंसुद्धा बोलावं लागणार नव्हतं त्याला. नवीन मोटारींवर दुसरा नंबर ठोकता आला असता, पण जुन्यांचं काय? त्या बदलायच्या तर तीन तालुके उपसावे लागले असते.

अशा वेळी तिच्या भावाचा मुलगा बंटी हिंगोलीहून आला. बंटीचं तिथं नेट कॅफे होतं, आणि तो 'गगनवाणी' नावाच्या कुठल्याशा कंपनीचा एजंटही झाला होता. त्यानं पिशवीतून एक काळी डबी काढून वाइंडिंगच्या टेबलावर ठेवली. डबीला दोन हिरवे दिवे होते.

"आत्या, आता ही लाइन सोड. हा इंटरनेटचा फोन. आवाज एकदम साफ. अमेरिकेला बोल."

"अमेरिकेत कोणाची मोटार जळाली?"

"तसं न्हाई ग. जुना फोन बंद, हा चालू."

"नंबर?"

"नंबर तोच. फॉर्मवर लिहिलंय बघ." बंटीनं फॉर्म काढला. तिसऱ्या रकान्यात छापलेलं होतं: 'सध्याचा नंबर कायम ठेवायचा आहे काय?' त्यापुढं 'होय' आणि 'नाही' अशा दोन चौकटी. कमलबाईनं आयुष्यात इतका सरळ प्रश्न सरकारी किंवा खाजगी कुठल्याच कागदावर पाहिला नव्हता. तिनं 'होय'वर खूण केली. खाली दोन कागद आणखी जोडलेले होते आणि तिन्हींवर एकच अट: फोन ज्याच्या नावावर आहे त्याची सही, आणि टेलिफोन ऑफिसचा शिक्का.

फोन अमृतरावांच्या नावावर होता.

बंटी डोकं खाजवत म्हणाला, "मामांची सही तू मारशील ना?"

"बघते," ती म्हणाली. सही तिला येत होती. बायकोला नवऱ्याची सही येणं हा काही गुन्हा नाही. ती करून कागद खिडकीत सरकवणं हा असावा, असं तिला वाटत होतं. म्हणून तिनं कागद सही न करताच पिशवीत घातले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भीमसिंगच्या जीपमध्ये बसून हिंगोली गाठली. वाटेत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. पुसेगावच्या पुढं रस्त्यात खड्डा आला तेव्हा तेवढं "जपून" म्हणाली.

टेलिफोन ऑफिसच्या खिडकीत मसाजीराव नावाचे पन्नाशीचे कारकून होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, समोर चहाचा रिकामा कप. त्यांनी तिन्ही कागद अथपासून इतिपर्यंत वाचले. कमलबाईच्या मागं रांगेत चार माणसं होती, ती चुळबुळ करायला लागली, पण मसाजीरावांनी वाचताना मान वर केली नाही.

"बाई, हा पहिला कागद बेकार हाय," ते शेवटी म्हणाले. "नंबर असा दुसऱ्या कंपनीकडं जात नसतो. तसा कायदाच न्हाई आपल्याकडं. नंबर आमच्या मशीनमधी हाय, तितंच राहतो."

"मग त्यांनी 'होय' काहून छापलं?"

"छापायला काय जातंय? आता हा दुसरा कागद बघा. हा नंबर नेण्याचा न्हाई, सोडण्याचा हाय. तुमी सही केली, मी शिक्का मारला, की नंबर मोकळा. आन् मोकळा झाला की ज्याचा अर्ज पहिला, त्याला." त्यांनी मागच्या कपाटाकडं पाहिलं. "हाय एक अर्ज."

कमलबाईनं खिडकीची पट्टी धरली. त्या कागदावर सही मारून आणली असती तर आज दुपारपर्यंत चारशे सतरा प्रभूचा झाला असता.

"आन् अजून एक," मसाजीराव म्हणाले. "ही डबी नेटवर चालते. गोरेगावला नेट कशावर येतं?"

"कशावर?"

"फोनच्या तारेवर."

"त्याच? तुटलेल्या?"

"त्याच."

रांगेतला एक जण हसला. कमलबाईनं बंटीचं मनातल्या मनात काय केलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

मसाजीरावांनी तिन्ही कागद परत तिच्याकडं सरकवले आणि खणातून एक चौथा काढला. "तुमाला नंबर बी पायजे आन् फोन लागला बी पायजे. बरोबर? मग सोपं हाय. तार तुटली तुमच्या गावात. आमच्या मशीनमधी तुमचा नंबर जिवंतच हाय. तिथून तो तुमच्या मोबाइलवर वळवून देतो. नंबर तोच, लोक फिरवतील चारशे सतरा, वाजंल तुमच्या कमरेला. अर्ज भरा, मालकाची सही आणा."

कमलबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं कागद घेतला. "सही आणते उद्या."

"उद्या कशाला? आमच्यासमोर पायजे. मालकांनाच घेऊन या."

"ते..." कमलबाई म्हणाली. आणि पुढचं तिच्या तोंडून आपोआप आलं. "बाहेर गेलेत."

"कवा येतील?"

कमलबाईला हा प्रश्न चार वर्षांत शेकडो लोकांनी विचारला होता. ती दरवेळी 'परवा' म्हणायची. आज तिला ते म्हणता येईना. मसाजीरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि रांगेतल्या माणसांना शांतपणे म्हणाले, "तुमी जरा बाजूच्या खिडकीत जा." माणसं गेली.

"ताई," ते म्हणाले. मघापर्यंत बाई म्हणत होते. "मी पुसेगावचा. माझा भाऊ मेंढरं राखतो, थोडी शेती बी हाय. विहिरीत तुमची मोटार हाय. अठ्ठ्याण्णवला मिस्त्रीनं बांधली होती. मग जळाली. दुसऱ्यांदा तुमच्याकडंच आली. तिच्यावर काय साल हाय, ठाऊक हाय का?"

कमलबाई हातातल्या अर्जाची घडी घालायला लागली.

"शून्य चार. मिस्त्री तीनला गेले. मग चारला कुणी बांधली?"

कमलबाईला वाटलं, जमीन फाटेल तर बरं. चार वर्षं तिनं झाकून ठेवलं होतं, आणि तारीख तिनं स्वतःच्या हातानं, हातोडीनं, लोखंडावर ठोकून गावोगाव पाठवली होती.

"तुमाला कवापासून ठाऊक हाय?" तिनं विचारलं.

"मला एकट्याला? अहो, समद्यांना ठाऊक हाय. त्याच महिन्यात भीमसिंगनं सांगितलं. जीप थांबवून एकेका गावात सांगत गेला. मिस्त्री गेले. आता वैनी बांधतात, आधीपासून त्याच बांधत होत्या. बाटली पाठवू नका, घरात लेकरं हायत, काय पाठवायचं ते खायचं पाठवा. आन् फोनवर मिस्त्रींचंच विचारा. त्या 'बाहेर गेलेत' म्हणतील, तुमी 'बरं' म्हणा. त्यांना सांगवत न्हाई, तोवर राहू द्या."

कमलबाईला एकदम रडू कोसळलं. भर ऑफिसात, खिडकीच्या पट्टीवर डोकं टेकून ती रडली, आणि मसाजीराव तेवढा वेळ रिकामा कप उचलून त्यात बघत बसले. तिचं रडणं ओसरल्यावर त्यांनी आणखी एक कागद पुढं केला. नाव बदलण्याचा अर्ज.

"आधी हा भरा. फोन तुमच्या नावावर घेऊ. मग नंबर वळवायच्या अर्जावर तुमचीच सही चालंल. मृत्यूचा दाखला लागंल फक्त. हाय का?"

दाखला तिच्या पिशवीत होता. चार वर्षं होता. कुठं लागेल सांगता येत नाही म्हणून नेहमी बरोबर, आणि कुठं दाखवावा लागू नये म्हणून नेहमी तळाशी. तिनं तो काढून उलगडला. घड्यांच्या जागी कागद झिजला होता. मग ती अर्ज भरायला बसली. 'मूळ ग्राहकाचे नाव' आणि 'पत्ता' लिहून झालं, 'बदलाचे कारण' या रकान्यापाशी ती थांबली. बाहेर गेलेत, असं तिथं लिहिता येत नव्हतं. तिनं 'मयत' लिहिलं. बारीक तारेची सवय असलेला हात होता, अक्षर चांगलं आलं.

दुपारी ती जीपच्या अड्ड्यावर आली. भीमसिंग बॉनेटला टेकून उभा होता. एरवी ती मागं बायकांत बसायची, आज पुढं त्याच्या शेजारी जाऊन बसली. हिंगोली मागं पडल्यावर तिनं विषय काढला.

"भाऊ, तुमी सांगितलं लोकांना."

"व्हय, वैनी."

"मी शपथ घातली होती."

"व्हय."

"आन् मी चार वर्षं तुमाला दारुडा म्हणून राहिले."

"दारुडा न्हाई म्हणल्या," भीमसिंग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "गाडी जपून चालवा म्हणल्या. मी जपूनच चालवत होतो."

"खरं काहून बोलला न्हाईत?"

"बोललो असतो, तर बाटल्या कशानं बंद झाल्या ते सांगावं लागलं असतं. मंग तुमाला कळलं असतं की समद्यांना ठाऊक हाय. तुमी दुकानाला कुलूप घातलं असतं." त्यानं गिअर बदलला. पुढं दोन मेंढपाळांचा कळप रस्ता ओलांडत होता, तो जाईपर्यंत गाडी थांबवून धरली. कळप गेला तरी त्यानं गाडी लगेच हलवली नाही. "आन् वैनी, सात वर्षं त्या बाटल्या मीच आणून दिल्या की. ह्याच हातानं. वर्तमानपत्रात गुंडाळून. मिस्त्री गेले त्या दिवशी मला वाटलं, आता एक तरी काम बंद करावं."

तिनं पदरानं डोळे पुसले, आणि मग आपण या माणसाला काय काय बोललो ते एकेक आठवून तिला आणखी रडू आलं. मागच्या बायका पुढं काय चाललंय ते बघायला वाकल्या. भीमसिंगनं गाडी सुरू केली.

"माफ करा, भाऊ," ती पुसेगावच्या अलीकडं म्हणाली.

"व्हय, वैनी," भीमसिंग म्हणाला.

बंटीची डबी तिनं बंटीला परत दिली आणि त्याबदल्यात त्याचा एक जुना मोबाइल ठेवून घेतला; चारशे सतरा वळवायच्या अर्जात तिनं त्याच मोबाइलचा नंबर दिला. बंटीनं कुरकुर केली, पण आत्याच्या चेहऱ्याकडं पाहून आवरती घेतली. गावात टॉवर नुकताच झाला होता. दुकानात फक्त दारापाशी रेंज यायची, म्हणून तिनं दाराच्या चौकटीला खिळा ठोकून एक पिशवी लटकवली आणि मोबाइल तिच्यात ठेवला. दोन दिवस पिशवी गप्प होती. कमलबाई दर थोड्या वेळानं उठून आत बघून यायची.

तिसऱ्या दिवशी, दुपारी, पिशवी वाजली. तिनं हातातली तार खाली ठेवली, हात पुसले आणि फोन कानाला लावला.

"हॅलो, चारशे सतरा का? मिस्त्री हायत का?" आवाज सिद्धेश्वरचा होता. तिला तो लगेच ओळखू आला. पाचव्या दिवशीचा.

कमलबाईच्या जिभेवर जुने शब्द आले होते. तिनं ते तिथंच थांबवले.

"बोलतेय."

पलीकडून सावधपणे, "कोन?"

"मिस्त्री."

मागं कोणीतरी बकरी हाकलत होतं तेवढं ऐकू येत होतं. "म्हंजे," तो माणूस म्हणाला, "बाहेर न्हाई गेले?"

"न्हाई. हितंच हाय."

"बरं झालं बाई," त्यानं मोठा श्वास सोडला. "चार वर्षं गावच्या मोटारींपायी 'कवा येतील' म्हणून म्हणून मलाच वंगाळ वाटून राहिलं होतं. सवयीनं विचारलं बघा आज बी. तर मोटार जळाली. आत्ताच वर काढली."

"कितीची?"

"पाचची. तुमीच बांधलेली."

"साल बघा काय हाय."

चिखल पुसल्याचा आवाज आला. "शून्य तीन," तो म्हणाला. "चार वर्षं चालली की हो. याच्या आधीची शून्य शून्यची होती, खुद्द मिस्त्रींच्या हातची. ती तीन वर्षांत गेली होती."

कमलबाई चौकटीला टेकली. त्या मोटारीचे वेढे तिनं डोळ्यांतलं पाणी पुसत मोजले होते. दोनदा चुकून तिसऱ्यांदा पहिल्यापासून मोजले होते. तिला सगळं आठवलं.

"पाठवा," ती म्हणाली. "परवा तयार मिळंल."

"पाठवतो. भीमसिंगच्याच गाडीत टाकतो. सोबत काय पाठवू? मासे हायत, ताजे."

"काय नको. चिठ्ठी तेवढी नीट लिहा."

"ती लिहितोच. काय लिहू?"

"वर नाव घाला," कमलबाई म्हणाली. "कमलबाई मिस्त्री."

दुसऱ्या दिवशी भीमसिंगनं मोटार उतरवली. चिठ्ठीवर नाव बराबर होतं. मासेही आले होते. तिनं अर्धे त्याच्या घरी पाठवून दिले आणि मोटार खोलायला घेतली.